मेळघाट-गडचिरोलीत आरोग्याच्या कामाला पहिल्यांदाच जाताय? मग निघायच्या आधी हे वाचा

दरवर्षी उन्हाळा संपत आला की मेसेज सुरू होतात, ताई मेळघाटात जायचंय, लहान मुलांसाठी काही करायचंय, कुठून सुरुवात करू? कुणाचं एमएसडब्ल्यू झालेलं असतं, कुणाचं नर्सिंग, कुणी बीएएमएस करून बसलंय, कुणी पुण्यात आयटीत आहे आणि तीन महिने बिनपगारी रजा टाकायची तयारी आहे. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मी स्वतः मेळघाटातल्या, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या, धारणी तालुक्यात काही वर्षं गावपातळीवर काम केलंय आणि गडचिरोलीत येऊन-जाऊन होते, त्यामुळे जास्त मेळघाटाबद्दलच बोलणार.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपण शहरातून जातो ते औषध, वजनकाटा, तक्ते घेऊन, आणि लोकांची बोली, देव, घरातली रीत हे सगळं कामाच्या वाटेतले खड्डे समजतो. तसं धरून गेलात तर सहा महिन्यांत थकून परत याल. घरातली म्हातारी काय म्हणते हे ऐकून घेणं हा बाळाच्या उपचाराचाच भाग आहे, आणि ज्या संस्थांनी खरंच मुलं वाचवली त्यांनी हे अगदी सुरुवातीपासून धरलं.

आधी संस्था बघा

घाईघाईत कुठल्याही संस्थेला हो म्हणू नका. आपल्याकडे चांगल्या कामाची कमी नाही. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्यानं १९७० साली काम सुरू केलं, गावानंच निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर, वेगवेगळ्या जातींच्या बायांना आरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार केलं, आणि ते बघायला आजही देशोदेशीचे लोक येतात. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आहे, तिथं माडिया लोकांमध्ये काम. गडचिरोलीला सर्च, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास उभी केलेली. मेळघाटात उतावलीच्या कर्मग्रामला डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ नावाची संस्था आहे, १९९८ पासून. खोज ही संस्था आरोग्यासोबत वनहक्क, रोजगार हमी असं सगळं धरून चालते, कारण घरात धान्यच नसेल तर नुसतं आरोग्य शिकवून काय होणार. पुण्याची ‘मैत्री’ ही संस्था पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या मेळघाटात पाठवते, त्याला धडक मोहीम म्हणतात. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे आणि वैद्यकीय शिक्षण नाही त्यांनी असल्या मोहिमेपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. आयुष्यात पुढं काय करायचं हाच प्रश्न असेल तर सर्चचा ‘निर्माण’ हा उपक्रम बघा, तरुणांसाठी आहे, २००६ पासून शिबिरं होतात.

लहान, नाव नसलेल्या संस्थाही खूप आहेत आणि काही फार मनापासून काम करतात. तिथं जायच्या आधी फोनवर सरळ चार प्रश्न विचारा. तुमच्याकडे स्थानिक कार्यकर्ते किती आणि त्यांना पगार वेळेवर मिळतो का. रात्री दोन वाजता बाळ सिरियस झालं तर तुमचा माणूस नेमकं काय करतो. मुलांच्या सुरक्षिततेचे काही लेखी नियम आहेत का. आणि अहवाल, ऑडिट बघायला मिळेल का. रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर जिथं पटकन आणि बारकाव्यासकट येतं, गाडी कुणाची, ड्रायव्हर कोण, फोन कुठं लागतो, ती संस्था खरी गावात असते. तिसऱ्या प्रश्नावर कुणी उखडलं तर तिथं जाऊच नका.

निघायच्या आधी

मच्छरदाणी न्या, हे सांगायची गरज पडू नये पण पडते, मलेरिया आहे. टॉर्च, रेनकोट, चिखलात टिकतील अशा सँडल, स्वतःची रोजची औषधं जास्तीची. रेंजच्या भरवशावर राहू नका, महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवा. पावसाळ्यात भामरागडकडे जाणार असाल तर पर्लकोटा नदी चढली की रस्ता बंद, मग अडकून पडायची तयारी ठेवूनच जा आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा.

आणि बोली. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, या मराठीच्या बोली नाहीत, पूर्ण वेगळ्या भाषा आहेत, कोरकू तर मुंडा कुळातली. तीन महिन्यांत येणार नाही पण वीसेक शब्द तरी शिकून घ्या. कोरकूत पाण्याला दा म्हणतात, गोंडीत येर. गडचिरोलीत भेटल्यावर जोहार म्हणा. दुखतंय का, कधीपासून, दूध पितं का, एवढं विचारता आलं तरी समोरच्या आईचा चेहरा बदलतो, आणि उच्चार चुकला तर ती हसते, त्या हसण्यातून पुढचं बोलणं सुरू होतं.

पहिले आठ दिवस रजिस्टर बाहेर काढू नका

कोरकू गाव बघितलंत की लक्षात येईल, मधे सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूला समोरासमोर घरांच्या ओळी, अंगणं सारवलेली. तुम्ही गावात शिरलात की पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळ्यांना कळतं कोण आलंय. त्यामुळे पहिला आठवडा नुसतं भेटा. सरपंच, पोलीस पाटील, गावातले म्हातारे, आणि सगळ्यात आधी आशाताई आणि अंगणवाडी ताई. या दोघींना बाजूला ठेवून काम करणारे नवखे मी खूप बघितले, पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांच्या नोंदीतल्या चुका काढायला लागतात. असं करू नका. त्यांना गावातल्या प्रत्येक बाळाचं वय, कोणाची सासू कशी आहे, कोणाचा नवरा कुठं कामाला गेलाय हे सगळं पाठ असतं. तुम्ही तीन महिन्यांनी जाणार, त्या तिथंच राहणार आहेत. कोरा चहा दिला तर बसून प्या, घाई दाखवू नका.

भाषेत मी स्वतः कशी चुकले ते सांगते. एका आईला विचारलं, बाळाला जुलाब होतात का? नाही म्हणाली. मी वहीत नाही लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. मागून आशाताई आली, तिनं त्याच बाईला तिच्या बोलीत विचारलं, पातळ संडास किती वेळा झाली? ती म्हणाली सकाळपासून सात-आठदा. जुलाब हा शब्दच तिच्या ओळखीचा नव्हता आणि परक्या बाईसमोर कळलं नाही म्हणायला ती लाजली. बाळाचे डोळे आत गेलेले मला दिसत होते, मी वहीवर विश्वास ठेवला. तेव्हापासून मी एकच प्रश्न दोन-तीन वेगळ्या शब्दांत विचारते, आणि उत्तर नाही असलं तरी बाळाकडे बघते. तेव्हा ओआरएस आणि झिंक दोन्ही द्यायचं असतं, झिंक चौदा दिवस, मधे जुलाब थांबले तरी, आणि आईचं दूध चालूच ठेवायचं, आणि हे सगळं पुन्हा तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

दुभाषी म्हणून घरातल्या शाळकरी मुलीला उभं करू नका. बाळंतपणाच्या, पाळीच्या गोष्टी तिच्या तोंडून वदवणं चांगलं नाही, आणि नवऱ्यासमोर तर बाई बोलतच नाही. आशाताई किंवा गावातली एखादी जाणती बाई सोबत असू द्या.

नवजात बाळाच्या घरी

इथं मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाळं जातात ती मुख्यतः पहिल्या महिन्यात, आणि नवख्या माणसाची सगळ्यात जास्त गडबड इथंच होते.

आशाताई बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ही पद्धत कुठून आली ते माहीत असू द्या. सर्चनं गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढं २०११ मध्ये देशभरातल्या आशांच्या कामात ते आलं. म्हणजे तुमच्यासोबत चालणारी ती आशाताई जे करते ते आपल्याच एका जिल्ह्यात सिद्ध झालेलं काम आहे, तिच्याकडे त्या आदरानं बघा.

तुम्ही तिच्यासोबत गेलात की आधी हात धुवा, साबणानं, घरच्यांना दिसेल असे. बाळाला उघडं करून तपासायची घाई नको, थंडीचे दिवस असतील तर अजिबात नको. आधी आईची विचारपूस, ती जेवली का, रक्तस्राव जास्त आहे का, ताप आहे का. मग बाळ दूध ओढतं का ते बघा, आईनं पाजताना बघा, नुसतं विचारू नका. बाळ शांत असताना श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त असले तर तो वेगवान श्वास, दोन महिने ते एक वर्ष असेल तर पन्नास, एक ते पाच वर्षं असेल तर चाळीस. पहिल्यांदा साठ आले तर परत एकदा मोजा. बाळ ओढत नाही, ढिलं पडलंय, अंग गार लागतंय, छाती आत ओढली जातेय, यातलं एक जरी दिसलं तरी मोजत बसू नका, निघायचं.

श्वास मोजण्यावरून एक गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. सर्चनं गावातल्या दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवायचं ठरवलं तेव्हा त्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांनी मण्यांची एक पाटी बनवली, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया. दायांना आकडे येत नाहीत म्हणून कुणी त्यांना घरी पाठवलं नाही, मोजायची रीतच त्यांच्या हाताला बसेल अशी केली. तुमच्याकडे जे तक्ते, अॅप आणि पोस्टर असतील त्यांच्याकडे याच नजरेनं बघा.

आता वजन. स्प्रिंगचा काटा आणि कापडाची झोळी, काटा आढ्याच्या वाशाला अडकवायचा. एका घरी आजीनं सरळ सांगितलं, नाही करायचं, बाळ टांगलं की सुकतं. आधीचं नातवंड वजन केल्यावर आठ दिवसांत गेलं होतं म्हणे. मी समजावायला तोंड उघडलं तर आशाताईनं माझा हात दाबला. तिनं काही न बोलता आजीचंच एक जुनं, धुतलेलं लुगडं मागितलं, त्याची झोळी केली, आधी त्यात घरातली मक्याची पिशवी टांगून दाखवली, मग आजीलाच म्हणाली, तू धर, तूच ठेव आत. आजीनं दोन्ही हात झोळीच्या खाली धरून ठेवले, हात काढायला तयार नव्हती, मग हळूहळू एक इंच खाली घेतले, काटा थांबला, दोन किलो शंभर ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं म्हणजे कमी वजनाचं बाळ. त्यानंतर त्या घरातलं बाळ छातीशी धरून उबेत ठेवायचं काम आजीनंच अंगावर घेतलं, आई पाण्याला गेली की आजीच्या छातीशी. अठराशे ग्रॅमच्या खाली असतं तर मात्र घरी ठेवलंच नसतं, सरळ दवाखाना.

चीक, म्हणजे आईचं पहिलं दूध, काढून टाकायची पद्धत बऱ्याच घरांत असते. तिथं हे चुकीचं आहे म्हणून सुरुवात करू नका. गाईच्या वासराला पहिलं दूध देता ना, विचारा. बहुतेक जणी स्वतःच पुढचं बोलतात.

दंड मोजणं आणि त्याच्या पुढचं

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड पट्टीनं मोजायचा. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली म्हणजे सॅम (तीव्र कुपोषित), साडेअकरा ते साडेबारा मॅम (मध्यम कुपोषित). दोन्ही पावलांवर अंगठ्यानं दाबून बघा, खड्डा राहिला तर सूज आहे, मग पट्टी काहीही सांगो, ते मूल गंभीरच. पट्टी लाल रंगावर, म्हणजे सॅमवर आली की नवखे लोक आईला म्हणतात, उद्याच पोषण पुनर्वसन केंद्रात चला. केंद्रात साधारण चौदा दिवस राहावं लागतं. तिच्या घरी अजून दोन लेकरं, कोंबड्या, शेळ्या, आणि मजुरी बुडते. बुडीत मजुरी मिळते हे तिला आधी सांगा, आणि मग विचारा मागच्या लेकरांना कोण बघेल. तो प्रश्न सुटेपर्यंत ती येणार नाही आणि आली तरी तिसऱ्या दिवशी निघून जाईल. मी एका संध्याकाळी तीन घरं फिरून एका आईच्या शेळ्या कोण सांभाळेल ते ठरवलं होतं, तेव्हा ती गाडीत बसली. मूल आजारी नसेल, भूक चांगली असेल तर गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात भागतं, ते अंगणवाडीतच चालतं.

गरोदर आणि स्तनदा बायांसाठी आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण ताट मिळतं, मुलांना अंडी-केळी. दुपारी तिथं जाऊन बसा, कोण येतं कोण येत नाही ते बघा. जी येत नाही तिच्या घरी जा, बहुतेक वेळा अंतर किंवा घरातलं भांडण निघतं.

भूमकाला टाळू नका

भूमका म्हणजे मेळघाटातला पारंपरिक वैदू आणि देवाचा माणूस. बाळ आजारी पडलं की पहिले त्याच्याकडे जातात, आपल्याला आवडो न आवडो. त्याच्याशी भांडून तुम्ही जिंकलात असं होत नाही, लोक तुम्हाला सांगणं बंद करतात एवढंच. त्याच्या घरी जा, बसा, तो काय करतो ते ऐका, आणि एकच मागणं करा, श्वास वेगात असेल किंवा बाळ दूध सोडेल तेव्हा तुमचं करून झालं की लगेच आमच्याकडे पाठवा. अमरावती जिल्ह्यात आरोग्य यंत्रणेनंही भूमकांना सोबत घ्यायचा प्रयत्न केलाय. आमच्याकडच्या एका भूमकानं पुढं स्वतःच बाळाला कडेवर घेऊन उपकेंद्रापर्यंत आणलं होतं.

पण एका गोष्टीत तडजोड नाही. पोट फुगलं म्हणून बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. असं बाळ समोर आलं तर आईवर ओरडू नका, तिनं ते बाळ जगावं म्हणूनच केलेलं असतं. जखमेवर तेल-हळद लावू नका, स्वच्छ कापडानं सैल झाका, आणि मुख्य म्हणजे पोट का फुगलं होतं ते शोधायला लगेच डॉक्टरकडे न्या, कारण मूळ आजार तसाच राहिलेला असतो. डॉक्टरांना आणि संस्थेतल्या वरिष्ठांना सगळं स्पष्ट सांगा, पुढची कायदेशीर गोष्ट ते बघतील, लपवायचं नाही.

दवाखान्यात नेताना

अँब्युलन्ससाठी १०८ ला फोन लावा, आणि रेंज गावात कुठल्या झाडाखाली किंवा टेकाडावर येते ते आधीच माहीत असू द्या. धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथून पुढं पाठवलं तर अमरावतीचं डफरीन हे बायांचं सरकारी रुग्णालय, जवळपास दीडशे किलोमीटर, मधे घाट. म्हणून गाडी यायच्या आधीच सोबत कोण येणार, आधारकार्ड, थोडे पैसे, एक चादर, हे सगळं काढून ठेवा. वाटेत बाळ आईच्या छातीशी, पाजत राहायचं.

लोक दवाखान्याला का घाबरतात हे बंग दांपत्यानं गडचिरोलीच्या आदिवासींना विचारलं होतं. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात असतात आणि आम्ही मेलेल्याला पांढरं गुंडाळतो, नातेवाइकांना आत राहू देत नाहीत, तुमच्या दवाखान्यात देव नाही, असं लोक बोलले. मग शोधग्रामचा, म्हणजे सर्चच्या वसाहतीतला, दवाखाना गावासारखा झोपड्या-झोपड्यांचा बांधला, घरची माणसं सोबत राहतील असा, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. आपण एकटे काही दवाखाना बांधू शकत नाही, पण सोबत जाऊ शकतो. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात आमच्या गावच्या आईला सिस्टर ओरडली, इतके दिवस झोपली होती का, आणि ती रात्रीच बाळ घेऊन निघाली, पहाटे स्टँडवर सापडली. मी तेव्हा कॅन्टीनमध्ये होते. त्यानंतर पहिल्या रात्री मी पेशंटच्या बाजूला बसूनच राहते, सिस्टरला बाळाची सगळी माहिती मीच देते, आणि तिच्याशीही गोडीनं बोलते, तिच्या एकटीवर पूर्ण वॉर्ड असतो.

बाकी थोडक्यात. दिवाळीनंतर बरीच घरं कामासाठी बाहेर पडतात, होळीला परत येतात कारण कोरकूंचा होळी हा सगळ्यात मोठा सण. म्हणून लसीकरण आणि वजनाची यादी दिवाळीच्या आधी पूर्ण करा, लसीचं कार्ड आईकडे द्या, आणि जिथं जाणार तिथल्या अंगणवाडीत नाव सांगायला सांगा. होळीच्या दिवसांत मीटिंग ठेवू नका, रस्त्यात बाया फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागायला अडवतील, द्या आणि नाचही बघा. मुलांचे फोटो काढून सोशल मीडियावर टाकू नका, विशेषतः कुपोषित मुलांचे उघड्या अंगाचे, त्या आईला विचारलं तर ती नाही म्हणणार नाही पण तिला आवडतही नाही. एखादं मूल मारहाण, बालविवाह, छळ अशा अडचणीत दिसलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा आणि संस्थेत सांगा, स्वतः त्या घरी जाऊन वाद घालू नका.

निघताना

तुमचे दिवस संपत आले की पंधरा दिवस आधी गावात सांगा. ज्या बाळांच्या भेटी बाकी आहेत त्यांची नावं, आईचं नाव, घराची खूण आणि पुढची तारीख एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तो कागद आशाताईच्या हातात द्या, ऑफिसच्या फाइलमध्ये नको. शक्य असेल तर त्यातल्या कमी वजनाच्या बाळांच्या घरी तिच्यासोबत एकदा परत जा, आजीला सांगा मी आता जातेय, पुढच्या वेळी वजनाला ही एकटीच येईल, झोळी तुमच्याच लुगड्याची वापरेल.